लांबीखालचा जोड

२०२४च्या डिसेंबरात पुण्याहून एक तरुण माझी बुलेट बघायला मालवणात आला. सकाळी दहाला आला आणि दुपारच्या अजानपर्यंत गाडीभोवती फिरत राहिला. त्याने मला निदान वीस प्रश्न विचारले. टाकी मूळची आहे का? टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या आहेत की स्टिकर आहेत? हेडलाइटच्या टोपीवरचे दोन छोटे दिवे जुने की नवे? हत्यारांची पेटी कारखान्याची की बाजारातली? मी प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर दिलं. एकही खोटा शब्द बोललो नाही. त्याने इसाराचे दहा हजार माझ्या हातात ठेवले, आणि तो गेल्यावर मला जाणवलं की आपण दिवसभर खरंच बोललो, तरीही काहीतरी खोटं झालंय.

त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, अशी एक गोष्ट त्या गाडीत होती. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं विकणाऱ्यावर बंधनकारक असतं का, एवढाच या लेखाचा विषय आहे. गाडीची हकीकत सांगितल्याशिवाय तो विषय नीट उभा राहत नाही, म्हणून आधी ती सांगतो.

गाडी १९७४ची, साडेतीनशे सी.सी.ची. मद्रासच्या एन्फिल्ड इंडियाने १९५५मध्ये ही गाडी जोडायला सुरुवात केली, ती आपल्या लष्कराला सरहद्दीवर गस्त घालायला हवी होती म्हणून. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली आणि मद्रासची चालू राहिली. अब्बांनी आमची गाडी कोल्हापुरातल्या एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली होती. गियर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. आजच्या मुलांना ती दिली तर पहिल्याच वळणावर गोंधळतील. किक मारायचीही एक रीत आहे. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, मग डिकॉम्प्रेसरचा खटका ओढून किक जराशी पुढे न्यायची, खटका सोडायचा, आणि तेव्हा कुठे अंगाचा भार टाकायचा. घाई केली तर किक उलटी येते आणि घोटा सुजतो. माझा सुजला होता. अब्बा म्हणाले, काटा बघितला नव्हतास. त्यापलीकडे काही बोलले नाहीत.

त्या गाडीवर अब्बांच्या मागे बसून मी फोंडा घाट चढलो, करूळचा चढलो, आंबोलीच्या धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसेना तेव्हा त्यांच्या पाठीला कान लावून बसलो. नोकरीला लागल्यावर मी स्वतः तिच्यावर बेळगावमार्गे विजापूरला गेलो, गोलघुमटाखाली उभा राहिलो आणि तिसऱ्या दिवशी परत शाळेत हजर झालो. बुलेटचा एक गुण मला नेहमी आवडला आहे: तिचं दुखणं ती लपवत नाही. टॅपेट सैल झाले तर वाजतात, पॉइंट जळले तर ती बंद पडते, गॅस्केट गेलं तर सकाळी पडवीत तेलाचा डाग दिसतो. बुलेटखाली डाग नसला तर तेल संपलं असेल, असं लोक थट्टेने म्हणतात. फक्त एक जागा अशी आहे की जी काही सांगत नाही. ती म्हणजे फ्रेम. लोखंडाची नळी आतून कुजत जाते आणि वरून रंग तसाच चकाकतो.

आमच्या किनाऱ्यावर हे फार होतं. वारा खारा. चार महिने पाऊस. शिवाय बंदरावरून निघालेल्या मासळीच्या गाड्यांमधून खारं पाणी रस्त्यावर गळत असतं, ते चाकाने उडून वर बसतं. होडीवाले काजूच्या टरफलांचं तेल होडीला चोपडतात. आम्ही पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फासतो. तेवढ्याने आतला गंज थांबत नाही.

२०१९च्या पावसाळ्यानंतर आचऱ्याहून येताना वळणावर मागचं चाक डुलल्यासारखं वाटलं. मेस्त्रींकडे गेलो. (आमचे मेस्त्री चाळीस वर्षं याच गाड्या उघडत आले आहेत, येझदी, राजदूत, बुलेट. मैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ला बंद पडला, पण त्यांच्या दुकानात तो अजून पुरता बंद झालेला नाही.) त्यांनी गाडी आडवी टाकली, बॅटरीखालच्या जागेवर हातोडीने टकटक केलं आणि एका ठिकाणी आवाज बदलला. स्विंगआर्मजवळ नळीला केसासारखी चीर होती. बॅटरीचं ॲसिड आणि समुद्र, दोघांनी मिळून केलेलं काम. मेस्त्रींनी कुजलेला भाग कापून काढला, आतून जाड नळीचा तुकडा घातला, दोन्ही बाजूंनी वेल्डिंग केलं, घासलं, प्रायमर मारला, लांबी भरली आणि वरून काळा रंग दिला. जोड कुठे आहे हे दुसऱ्या दिवशी मलाच सापडेना. त्यानंतर गाडी पाच वर्षं चालली. जोडाने कधी कुरकुर केली नाही. २०२४मध्ये फेरनोंदणी झाली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ती करावी लागते, आणि तिची तीनशे रुपये फी २०२२च्या एप्रिलपासून हजार झाली होती. गाडीला २०२९पर्यंत रस्त्यावर धावायची कागदोपत्री परवानगी आहे.

आणि मला पैशाची गरज होती. घराचे वासे वाळवीने खाल्ले होते, पुढच्या मिरगाआधी छप्पर उतरवायचं होतं. म्हणून गाडी विकायला काढली.

त्या तरुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. गाडीवर त्याचं मनापासून प्रेम होतं. पण ते गाडीच्या वयावर होतं, गाडीवर नव्हतं, असं मला वाटलं. त्याला सगळं ‘ओरिजिनल’ हवं होतं. आता या गाडीत ओरिजिनल किती उरलंय? सिलिंडर दोनदा बोअर झाला, पिस्टन तीनदा बदलला, हेड दुसऱ्या गाडीचं, रिमा नव्या, वायरिंग तर मीच घातलेलं. आमच्याकडे आजोबांच्या काळची म्हणून दाखवतात त्या होडीची एकही फळी आजोबांच्या काळची नसते. फळी कुजली की बदलतात, आणि होडी तीच राहते, कारण ती बदलणारी माणसं तिला तीच म्हणतात. ग्रीकांनी या प्रश्नावर पुष्कळ डोकं खाजवलं आहे. मालवणात त्यावर कुणी वाद घालत नाही, फळ्या बदलतात. २०२१मध्ये सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम काढले, त्यात गाडी मूळ रूपात हवी आणि सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको, अशी अट आहे. आमचा जोड फेरफार की दुरुस्ती, हे त्या नियमाखाली कुणी ठरवायचं, अल्लाह जाणे. तरुणाने त्या नोंदणीबद्दलही विचारलं. मात्र तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही हे कळल्यावर त्याने तो विचार सोडला. त्याला गाडी चालवायची होती. जूनमध्ये लडाखला जायचं होतं. मागे बायको बसणार होती.

तो लडाख म्हणाला तेव्हा मी मेस्त्रींकडे बघितलं. मेस्त्री चेनकडे बघत होते.

तो गेल्यावर मी मेस्त्रींना म्हटलं, आपण त्याला जोडाचं सांगायला हवं होतं. मेस्त्रींनी हात पुसले आणि म्हणाले, “मास्तरानू, जोड म्हणजे दोष न्हय. दोष होतो, तो मी काढलंय. तुमी मुलग्याची सोयरीक करूक जातास तेवा ल्हानपणी हात मोडलेलो ता सांगतास काय?”

मी रात्रभर या वाक्याशी झगडलो. ते मुळीच पोकळ नाही. दुरुस्त झालेली गोष्ट सदोष मानायची असेल तर जगात निर्दोष काय उरतं? माणूससुद्धा चुकतो, तौबा करतो. झाकलेली चूक उघडी करू नये, दुसऱ्याची नाही आणि स्वतःचीही नाही, असं आपल्याकडे शिकवतात. मग लोखंडाच्या नळीला तेवढी सवलत का नको? आणि मेस्त्रींची एक व्यथाही त्यात होती, ती मला उशिरा कळली. मी जोडाबद्दल ‘सांगायला हवं’ म्हणालो याचा अर्थ त्यांनी असा घेतला की मला त्यांच्या हातावर भरवसा नाही. माझी सचोटी त्यांच्या अब्रूच्या खर्चाने चालली होती.

पण उपमा एका जागी लंगडी पडते. मोडलेला हात ज्याचा त्याचा असतो. इथे हात माझ्या गाडीचा, आणि मोडला तर हाडं दुसऱ्याची.

कायदा बघितला. आपल्या १८७२च्या करार कायद्याचं सतरावं कलम फसवणुकीची व्याख्या करतं. वस्तुस्थिती जाणूनबुजून झाकणं ही फसवणूक. नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नव्हे, बोलणं कर्तव्य असेल तेवढे प्रसंग सोडून. पुढे उदाहरणं दिली आहेत, आणि योगायोग असा की ती घोड्याची आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो, घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. लगेच दुसरं उदाहरण: विकत घेणारी त्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल तर सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. मी हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. परक्याला न सांगितलं तर चालतं, लेकीला सांगायलाच हवं. म्हणजे कर्तव्य घोड्याच्या खोडीवर ठरत नाही, समोरच्याला तुम्ही कोण मानता यावर ठरतं. त्या तरुणाच्या मागे जी बसणार होती ती कुणाची तरी लेक होती, आणि ती तर या सौद्यात कुठेच नव्हती. तिने वीस सोडा, एकही प्रश्न विचारला नव्हता.

इमाम गझालींच्या ‘इह्याउ उलूमिद्दीन’मध्ये कमाईच्या शिष्टाचारांवर एक प्रकरण आहे. गझाली ११११ साली वारले, पण ते प्रकरण आमच्या बाजारपेठेतल्या कुणीही आज वाचावं असं आहे. त्यात घोड्याऐवजी उंटीण आहे. वासिला बिन अल-अस्का हे सहाबी बाजारात उभे होते. एका माणसाने तीनशे दिरहमना उंटीण विकली. वासिलांचं लक्ष दुसरीकडे होतं, तेवढ्यात गिऱ्हाईक उंटीण घेऊन निघालं. ते त्याच्यामागे धावले आणि त्यांनी विचारलं की तू ही मांसासाठी घेतलीस की सवारीसाठी? तो म्हणाला, सवारीसाठी. त्यावर वासिलांनी त्याला सांगितलं की तिच्या पायाला छिद्र आहे, मी पाहिलंय, लांबचा प्रवास तिला झेपणार नाही. गिऱ्हाईक परत फिरलं, विकणाऱ्याला शंभर दिरहम कमी करावे लागले, आणि तो वासिलांवर नाराज झाला की तुम्ही माझा सौदा बिघडवलात.

मला या गोष्टीतला प्रश्न महत्त्वाचा वाटतो: मांसासाठी की सवारीसाठी? दोष वस्तूत असतो हे अर्धंच खरं. तो वापरात असतो. माझी बुलेट कुणी दिवाणखान्यात ठेवायला नेली असती तर तिच्यात दोष नव्हता. मालवण ते कट्टा रोज जायला नेली असती तर, मेस्त्रींच्या मते आणि माझ्याही मते, दोष नव्हता. दोन माणसं, पेट्रोलचे कॅन आणि महिन्याभराचं सामान घेऊन हिमालयातल्या दगडांवर न्यायची म्हटल्यावर तोच जोड सांगण्यासारखी गोष्ट झाला. आणि दुसरं म्हणजे, वासिला विकणारे नव्हते. बघणारे होते. ज्याला ठाऊक आहे त्यानेही सांगावं, एवढं ते कर्तव्य रुंद आहे. हे मी मेस्त्रींना सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

अजून एक वाट मी चाचपून बघितली, ती कबूल करतो. ‘आहे तशी, आहे त्या स्थितीत’ असं कागदावर लिहून मोकळं व्हायचं. जुन्या गाड्यांचे सगळे सौदे तसेच होतात. हनफी फिक्ह या पळवाटेला बरीच जागा देतं. पण आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आणि शाफईंच्या प्रसिद्ध मतात असं लिहून विकणारा सुटत नाही. अपवाद एकच: जनावराच्या पोटातला असा दोष, जो विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हता. जिवंत प्राण्याच्या आत काय चाललंय ते माणसाला कसं कळणार, असा त्यामागचा समंजसपणा. मेस्त्री गाडीला बैलच म्हणतात, तेव्हा या अपवादात मी गाडी बसवूनही टाकली असती. अडचण एवढीच की मला ठाऊक होतं.

उरली नीयत. मी स्वतःला सांगत होतो की रंग गंजासाठी मारला, लपवायला नव्हे. पाच वर्षांपूर्वी विकायचा विचारही नव्हता. हे खरं आहे. पण गंज थांबवायला प्रायमर आणि रंग पुरतो. लांबी कशाला भरली? मला आठवतंय, तेव्हा मी विचारलं होतं आणि मेस्त्री म्हणाले होते, “नायतर ता बरा दिसाचा नाय.” रंग समुद्रासाठी होता, लांबी डोळ्यांसाठी. तेव्हा ते डोळे माझेच होते, म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. गिऱ्हाईक पडवीत आलं त्या दिवशी तीच लांबी, एक कणही न हलता, पडदा झाली. एका वेळी शुद्ध असलेली नीयत पाच वर्षांनी आपोआप शुद्ध राहते असं नाही, असं आता मला वाटतं. तीही खाऱ्या हवेत असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला आणि सगळं सांगितलं. तो क्षणभर थांबला, मग हसला. “काका, मग किती कमी करताय?”

मी ताबडतोब तीस हजार कमी केले. तो खूश झाला, आभार मानले, म्हणाला अशी माणसं आता मिळत नाहीत. मी फोन ठेवला आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. मी धोका सांगितला होता, त्याने सवलत ऐकली होती. वासिलांच्या गोष्टीतही शंभर दिरहम कमी झाल्यावर गिऱ्हाईक उंटीण घेऊन निघून गेलं की काय, कोण जाणे. सांगून आपण सुटतो का? कायद्याने सुटतो. फिक्हनेही सुटतो, दोष कळूनही घेणाऱ्याचा परत करायचा हक्क संपतो. पण मागे बसणारी? आणि हा दोन वर्षांनी गाडी ज्याला विकेल, तो? त्या तिसऱ्या माणसाला हा सांगेल? तीस हजारांची सवलत त्याच्यापर्यंत पोचणार नव्हती, जोड मात्र पोचणार होता.

तेव्हा मला धान्याच्या ढिगाची ती सगळ्यांना ठाऊक असलेली हदीस आठवली. पैगंबरांनी बाजारात ढिगात हात घातला, आत ओल लागली. धान्यवाला म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्याला विचारलं गेलं की मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. लहानपणापासून मी ही हदीस फसवणुकीच्या निषेधासाठी ऐकत आलो. तिच्यात एक साधी कृती सांगितली आहे, तिच्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. ओलं वर ठेव. तोंडाने सांगायचीसुद्धा गरज नाही, बघणाऱ्याला दिसू दे.

मी त्या तरुणाला कळवलं की जोडावरची लांबी काढून तो उघडा करून देतो, वरून पारदर्शक लॅकर मारू. गाडी ज्याच्या हातात जाईल त्याला दिसेल. त्याला ते पटलं नाही. फोटोत वाईट दिसेल, म्हणाला. लांबी राहू द्या, मला कळलंय ना आता. दोन दिवस आमची बोलणी झाली, शेवटी त्याने दुसरी गाडी बघितली. त्याचे दहा हजार मी परत केले. माझी बायको काही बोलली नाही. तिने वर छपराकडे एकदा बघितलं, तेवढंच.

याला कुणी हट्ट म्हणेल. माझ्या एका मित्राने म्हटलंही: मोठ्या माणसाने जाणूनबुजून घेतलेला धोका हा त्याचा हक्क आहे, तू कोण त्याला अडवणारा? मी त्याला अडवलं नाही. गाडी द्यायला मी तयार होतो, झाकण द्यायला नव्हतो. या दोन गोष्टींत फरक आहे असं मला वाटतं. तो छपराच्या किमतीएवढा मोठा आहे का, याबद्दल आमच्या घरात एकमत नाही.

मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी ऐकून घेतलं. “माझा काम लोकांका दाखवूचा आसा काय तुमका?” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, होय, दाखवायचंच आहे. त्यांनी ग्राइंडर लावून लांबी उडवली, पॉलिश पेपरने जागा घासली. वेल्डिंगची माळ निघाली, एकसारखी, मुंग्यांच्या रांगेसारखी. पाच वर्षांत तिला गंजाचा ठिपकाही नव्हता. त्यांनी बोट फिरवलं आणि लॅकर मारलं. मजुरी घेतली नाही. पण त्यानंतर महिनाभर मला ‘मास्तरानू’ऐवजी नुसतं ‘मास्तर’ म्हणत होते.

पावसाळा छपरावर निळी ताडपत्री घालून काढला. गाडी पडवीच्या कोरड्या कोपऱ्यात होती आणि आम्ही भांडी ओल्या कोपऱ्यांत मांडून ठेवत होतो. लॅकर खाऱ्या हवेत टिकत नाही हे मेस्त्रींनी बजावलं होतं, ते खरं निघालं. कडेने पिवळं पडून पापुद्रा सुटू लागला आहे. म्हणून जुम्याच्या दिवशी सकाळी मी तेलाचं फडकं घेऊन ती जागा पुसतो. मागच्या आठवड्यात कुडाळहून एकाचा फोन आला. गाडी ओरिजिनल आहे का, हेच त्याने पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, येऊन बघा, पण दिवसाउजेडी या.